खोबरेल घातलेलं पिस्तूल

बाबा, अक्षर नातीचं आहे, बोलणं माझं. मी अजून अंगठाच देते. आता बँकेतली पोरगी शाई पुसायला कागद देते, एवढीच सुधारणा. नात विचारते, "आजी, कशाबद्दल लिहायचं ते तरी सांग." तर बंगल्यावरच्या साहेबांच्या त्या पितळी मुठीच्या पिस्तुलाबद्दल. ज्याचा घोडा चारचौघांत पडला नाही आणि ज्याच्यानंतर तुम्ही कुठल्याच पिस्तुलाला हात लावला नाहीत, तेच. तुमचा हात चुकला नव्हता. त्यात तेल मी घातलं होतं.

आठवडाभर तुम्ही चौक गावच्या गॅरेजात ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे ठोकायचात आणि रविवारी ओटीवर जुनं धोतर पसरून साहेबांची पिस्तुलं उघडायचात. साहेबांना जुन्या वस्तूंचा नाद, तुम्हाला त्या दुरुस्त करायचा. नळ्या शिशाने बुजवलेल्या, परवान्याचे कागद साहेबांच्या कपाटात, बार उडायचा प्रश्नच नाही. फक्त घोडा नीट चढावा आणि नीट पडावा. पेच पत्रावळीवर ओळीने मांडलेले, आणि माझं काम कोंबड्या हाकायचं. एकदा एकीने पेच गिळलाच. तुम्ही सुरी मागितलीत, तर आई म्हणाली, "खुडूक बसलीय ती. पेचापायी कापायची नाय. दोन दिस थांबा." पेच मिळाला. कसा, ते मी नातीला लिहू देत नाही. शाळेत घातलं नाही म्हणून मी रडले त्या दिवशी तुम्ही रागावला होतात, "अक्षर नाय तर नाय, कान हायेत ना? ऐक." घोडा मागे ओढताना दोन आवाज येतात, पहिला अर्ध्यावर, दुसरा पुरा. पहिला बोदा आला तर आतला दात झिजलाय. तेवढी एक बाराखडी मी शिकले.

त्या पिस्तुलाला तुम्ही अख्खा पावसाळा दिलात. आतली कमान तुटलेली, तशी बाजारात मिळेना, म्हणून ट्रकच्या पाट्याचा तुकडा तापवून, कानशीने घासून नवी केलीत. थंडीत साहेबांकडे मुंबईचे पाहुणे येणार होते. आदल्या दुपारी तुम्ही शिलाई मशीनचं तेल आणायला खालापूरला गेलात. मला वाटलं, तेल तर घरात आहे, बाबांना कशाला हेलपाटा? तुम्ही पिसाने एकच थेंब लावायचात. मी वेणीला घालतात तसं सढळ हाताने खोबरेल ओतलं, वरून फडक्याने पुसलं. तुम्ही आलात, घोडा ओढून पाहिलात, लोण्यासारखा चालला. "आता वरचं तेल नको," म्हणालात. मी स्वतःवर खूश.

सकाळी कडाक्याची थंडी, मीही तुमच्याबरोबर आले. बंगल्याच्या व्हरांड्यात साहेब चाप ओढतात आणि घोडा डबक्यात बसणाऱ्या म्हशीसारखा सावकाश खाली येतो, मध्येच थांबतो. पाहुणे हसले. साहेब म्हणाले, "मिस्त्री, वय झालं तुमचं." चाळिशीही उलटली नव्हती तुमची. तुम्ही नुसते बोटांकडे बघत राहिलात. मी घरी आले तर आई खोबरेलाची बाटली उन्हात ठेवत होती. तेल आत पांढरं, दगड झालेलं. तेव्हा मला कळलं. तुम्ही मात्र आईला सांगितलंत, "बोटांतलं गेलं माज्या." आणि पेचकसांची पिशवी मला देऊन टाकलीत. "खेळ गं हिच्याशी." मी घेतली आणि गप्प बसले.

त्याच पिशवीवर माझा नाद वाढला. सासरी पोशीरला भाताची कामं आटोपली की मी घड्याळं, कुलपं उघडायची. पुढे कर्जतकडे बंगले झाले तशी पिस्तुलंही आली. गाडीतून उतरणारे विचारतात, "मिस्त्री कुठायत?" मी म्हणते, "समोर हाय. आधी कागद दाखवा, नात वाचील." मागच्या आठवड्यात साहेबांची लेक आली, आता पिकल्या केसांची. डबा उघडला तर तेच पिस्तूल. म्हणाली, "शेवटच्या मिस्त्रीने याची वाट लावली, असं पप्पा म्हणायचे. पुन्हा कुणाला दिलंच नाही."

मी उघडलं. तेल, धूळ, गंज मिळून आत लाखेसारखं कडक बसलं होतं. दोन दिवस रॉकेलात ठेवलं, ब्रशने काढलं. खाली तुमची कमान. बाबा, अजून ताठ आहे, कानशीच्या रेघासुद्धा तशाच. घोडा ओढला तर दोन्ही आवाज खणखणीत.

आज ती न्यायला आली. मी आधी कमान दाखवली. म्हटलं, "ही त्याच मिस्त्रीनं केलीय, माज्या बाबानं. काम चोख हाय. कुणीतरी मागनं खोबरेल घातलं, ते थंडीत थिजलं."

"अय्या! कुणी पण?"

जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "आमचा जुना माळीच असणार. त्याला दिसेल त्याला तेल लावायची सवय होती." आणि मी मान डोलावली. तुम्हाला सोडवलं आणि त्या गेलेल्या माळ्याला अडकवलं.

नात पेन थांबवून माझ्याकडे बघते आहे. "आजी, हे पण लिहू?" लिही म्हटलं. तुम्ही गेलात, कागद कुठे जायचा नाही, म्हणून तर बोलले. बाबा, हा कागद पोचणार असता, तर तुम्हालाही मी माळ्याचंच नाव सांगितलं असतं.