एक बटण उजवीकडे

इलोइलो, ३ जून

ती. मानांगस,
धाकट्या बहिणीचा, तुझा हात कपाळी लावून, सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, मग शेजारीण मध्ये पडून सगळं ओरडून सांगते. ही गोष्ट तिच्या तोंडून अख्ख्या गिमारास बेटाला कळायला नको, म्हणून लिहिते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. आपल्या वडिलांना, तातायला होतं तेच मला आहे. कडेकडेने अंधार आत सरकतो. मधला तुकडा सहा महिने टिकेल की दोन वर्षं, हे नक्की सांगता येत नाही म्हणाले.

माझं काम तुला ठाऊक आहे. डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. वीस वर्षं हे मी बटणांकडे बघून, चार बोटांनी केलं. आता बटणं बघायला गेले की पडदा हरवतो. ऑफिसात २८ जुलैला सगळ्यांची परीक्षा आहे, मिनिटाला चाळीस शब्द. नापास झाले तर का झाले ते विचारतील, आणि डोळ्यांचं बाहेर येईल. त्याआधी न बघता टाइप करायला शिकायचंय.

इंटरनेटवर सराव करायची एक जागा सापडली. पोरासोरांसाठी आहे, बरोबर आलं की एक बदक टाळ्या वाजवतं. चुकलं की पडदा लाल, आणि बरोबर बटण दाबेपर्यंत पुढे जाऊ देत नाही. हातांवर टॉवेल टाकून बसते. बघून टाइप करताना अठ्ठावन्न शब्द यायचे, टॉवेलखाली सतरा. मानांग, मी फार घाबरले आहे. कुणाला सांगू नकोस.

माझ्यावर जीव आहे तेवढाच असू दे, काळजीने वाढवू नकोस.
तुझी मर्लिंडा


गिमारास, १२ जून

चि. धाकट्या इंदाय मर्लिंडास,
अ. उ. आ.

तुला नीट दिसावं म्हणून जाड काळ्या पेनने लिहिते आहे, चार ओळींतच पान संपतं. उजेडात बसून वाच.

लहानपणी भाताचं पातेलं समोर असून तुला सापडायचं नाही, आणि आता न बघता टाइप करणार म्हणे! बदकाने टाळ्या वाजवल्या तर त्याला माझा नमस्कार सांग.

चेष्टा केली, पण पत्र तीनदा वाचलं. ताताय अकरा वर्षं जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून होता, तुला आठवतं ना? पाय वाजला की कोण म्हणून विचारायचा. आपण कधी कधी मुद्दाम उत्तर द्यायचो नाही. त्याची लाज मला अजून वाटते. तू परीक्षाबिरीक्षा सोड आणि घरी ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे. तू धडपडलीस तरी इथे हात धरायला मी आहे. एक बहिरी, एक आंधळी, छान चालेल आपलं.

खाण्याकडे लक्ष दे. आणि रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस.
तुझी मानांग ग्लिसेरिया


गिमारास, ९ जुलै

चि. इंदायस,
अ. उ. आ.

तुझं पाकीट आलं. आत टाइप केलेलं भरगच्च पान, आणि एक शब्द वाचता येईना. मला वाटलं, तुझ्या डोक्यात काहीतरी झालं. मेंदूला झटका आला की माणूस असं बोलतं, हे मी पाहिलंय. ते पान घेऊन तशीच शाळेत मास्तरीण ओफेल्याकडे धावले. तिने बघितलं आणि चक्क हसली. मी चिडणार तेवढ्यात तिने मला कॉम्प्युटरपुढे बसवलं.

म्हणाली, तुझी बहीण ठणठणीत आहे. तिचा उजवा हात एक बटण उजवीकडे सरकून बसला आणि सगळं पान तसंच गेलं. न बघता शिकणाऱ्या सगळ्यांचं हे एकदा तरी होतंच. डाव्या हाताची अक्षरं खरी. उजव्या हाताच्या प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या डावीकडचं घ्यायचं. पुढचं माझं मी करते म्हणून तिला वर्गावर पाठवलं. एकेक अक्षर शोधत दोन दुपारी लागल्या, पण पूर्ण वाचलं.

तिसऱ्या पायरीवर बसण्यापेक्षा मेलेली बरी, असं लिहिलंस. मी घरी बोलावलं ते तुला सगळ्यात भीतीचं वाटलं, हेही लिहिलंस. आता घरी ये म्हणणार नाही. पण मरणाचं पुन्हा लिहू नकोस.

मला विसरू नकोस, एवढंच मागणं.
मानांग


इलोइलो, २९ जुलै

ती. मानांगस,
सा. न. वि. वि.

ते पान पाठवायचं की नाही ठरत नव्हतं. डोळ्यांवर टॉवेल बांधून लिहिलं, छापलं आणि न वाचताच पाकीट बंद केलं. वाचलं असतं तर फाडलं असतं. तुला समजलं याची लाज वाटते आणि बरंही वाटतं.

काल परीक्षा झाली. तर्जनींच्या दोन बटणांवर बारीक उंचवटे असतात. ते चाचपल्याशिवाय आता मी हात ठेवत नाही. तरी मधेच उजव्या हाताला उंचवटा लागेना. दोन दुपारी एकेक अक्षर शोधणारी तू आठवलीस. सगळे खडखडाट करत होते आणि मी थांबून शोधत बसले. बेचाळीस शब्द आले. पास झाले.

आता वाईट बातमी. डोळे डॉक्टरांनी सांगितलं त्याहून लवकर चाललेत. तुझं मागचं पत्र खिडकीशी धरून एकेक अक्षर वाचावं लागलं. पुढचं वाचता येईल असं वाटत नाही. छापलेलं असेल तर इथे एक यंत्र ते मोठ्याने वाचून दाखवतं, हाताचं अक्षर त्याला कळत नाही. फोनवर तू ऐकू शकत नाहीस. मग आपण बोलायचं कसं, मानांग? परीक्षेपेक्षा मला हीच भीती मोठी वाटते.

उत्तर आलं नाही तरी लोभ आहे असं धरून चालेन.
मर्लिंडा


गिमारास, १६ ऑगस्ट

चि. इंदायस,
अ. उ. आ.

हे पत्र मी शाळेतल्या कॉम्प्युटरवर टाइप केलं आहे. पाच दिवस लागले. माझे मिनिटाला नऊ शब्द आहेत. बदकाने माझ्यासाठी अजून एकदाही टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या यंत्राचा आवाज कसा आहे? माझ्यासारखा खरखरीत नसला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

पहिले चार दिवस बटणांकडे बघून लिहिलं. आज मास्तरीण ओफेल्याकडून टॉवेल मागून घेतला. तो कशासाठी, हे तिला सांगितलं नाही. तुला सांगते.

पाण्याचा माठ तीस वर्षं त्याच कोपऱ्यात आहे. गेल्या महिन्यात मी त्याला दोनदा धडकले. भरदुपारी. कडेने तो मला दिसलाच नाही. डॉक्टरकडे अजून गेले नाही, धीर होत नाही. घरी ये, तुझा हात धरते म्हणाले होते, तेव्हाही माझ्या डोळ्यांचं थोडं ठाऊक होतं. क्षमा कर.

तू पुढे गेली आहेस, तर मला शिकव. हात सरकला हे न बघता कसं ओळखायचं, ते आधी लिही. उंचवटे चाचपूनच बसले आहे. तरी यातलं काही वाचता आलं नाही, तर एक बटण डावीकडे शोध. मी तिथेच असेन.

तुझी मानांग