ओटीवरचा टेबलफॅन

४ मे १९५८
उकाडा. धुतलेलं बनियन वाळत घालता घालता अंगावरचं भिजलं. शेजारच्या भिकाजीकाकांच्या सुभद्राने कुंपणापलीकडून विचारलं, "कॉलेज कधी सुरू होतला?" कॉलेज मी मार्चमध्येच सोडलं, हे ठाऊक असून विचारते. म्हणजे मी जाऊ नये ही इच्छा उघड आहे. निश्चय: याच महिन्यात तिला मनातलं सांगणे.

७ मे, दुपार
मुंबईच्या बोटीने भिकाजीकाकांचा पाहुणा हरिश्चंद्र उतरला. गिरणीत कारकून. डोक्याला तेल इतकं की माशी घसरेल. भिकाजीकाकांना भेट काय, तर विजेचा टेबलफॅन! वाडीत विजेचा एक खांब नाही! मी मुद्दाम त्यांच्या ओटीवर जाऊन हसलो. काका म्हणाले, "लवू, हसतंस कित्याक? आज ना उद्या लाईट येतलीच." सगळी वाडी तो बंद फॅन बघून गेली. आमची आईसुद्धा. म्हणते, "बघूनच थंड वाटता." घरातच फितुरी.

१० मे
सायन्सच्या माणसाने गप्प बसू नये. सुपारीच्या विरीचा, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद सालीचा, पंखा कापला, काठाला लाल चिंधी शिवली. सुई बोटात. रक्त. प्रेमात चालायचंच. सुभद्राला दिला. म्हणाली, "बरो आसा." दोन शब्दांत सगळं आलं.

१३ मे
विजय! कुंपणातून पाहिलं. फॅन फडक्याखाली झाकलेला, सुभद्राच्या हातात माझा पंखा.

जरा वेळाने
वारा हरिश्चंद्राला घालत होती. तो सोलकढी भुरकत होता. उद्या पंखा परत मागणार.

१४ मे
मागितला नाही. ऊन फार. हरिश्चंद्राला मात्र खडसवायला गेलो. त्याने फणसाचे गरे पुढे केले. रागाच्या भरात बरेच खाल्ले. पोट बिघडलं. हाही त्याचाच डाव.

१९ मे
सुभद्राचं लग्न ठरलं, हरिश्चंद्राशी. म्हणे रजा संपते, पुढे पावसाळ्यात बोटी बंद. सुभद्राला कोणी विचारलंच नसणार. मी लग्नाला जाणार नाही. गेलोच तर भर मांडवात उभा राहून सत्य सांगेन. भाषण पाठ केलं आहे.

२३ मे
गेलो. मांडवात पान हलत नव्हतं. मुंडावळ्यांखाली नवरदेव वितळत होता. शेजारी टेबलावर फॅन, त्यालाही हार. मी भाषणाला उठलो. भिकाजीकाकांनी हातात पंखा दिला. लाल चिंधीचा. "उभोच आसस तर वारो घाल रे!"
घातला.
सुभद्राने मान वर केली. थेट माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "लवूदादा, जरा जोरान घाल मां. तेंका घाम येता."
जोराने घातला.