पोलादी घारीच्या जनकाचा सत्कार

६ सप्टेंबर, रविवार
वृद्धाश्रमात जाऊन बाबांना भेटलो. महिन्यातून एकदा जायचंच, असा मी स्वतःला नियम घालून घेतला आहे. वर्षातून पाच-सहा वेळा तो पाळतोही. बाबा वरच्या मजल्यावर, खिडकीशी. कसे आहात विचारलं. बरा आहे म्हणाले. तू कसा आहेस विचारलं. बरा आहे म्हणालो. मग दोघांचाही विषय संपला.

निघताना खाली वॉचमन एका बाईला विचारत होता की आर्टिस्टला चहा गेला का. मी थबकलो. कोण आर्टिस्ट? म्हणाला, तळमजल्यावरची दुसरी खोली, जाऊन बघा, वेळ बरा जाईल.

गेलो. उशीला टेकून एक म्हातारे गृहस्थ. भेदक नजर. चित्रकार का, विचारलं. म्हणाले, सगळं केलंय आयुष्यात. कॉमिक? तीही काढली. 'पोलादी घार' तुमची तर नव्हे, असं विचारलं. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या फळांच्या पिशवीकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, माझीच.

फळं त्यांनाच दिली. पुढच्या खेपेस बाबांसाठी नेईन.

७ सप्टेंबर
बाथरूमच्या सामानाच्या आमच्या शोरूममध्ये गिऱ्हाईक नाही. डिस्प्लेच्या कमोडवर बसून (झाकण बंद) दिवसभर 'पोलादी घार' आठवत होतो. दिवसा घड्याळं दुरुस्त करणारा साधा माणूस, संकट आलं की पाठीला पोलादी पंख. शत्रू डॉक्टर गंज. त्याने बोट लावलं की लोखंडाचा भुगा. पुलाचा भुगा, तिजोरीचा भुगा, एका अंकात अख्ख्या आगगाडीचा भुगा. छपाई अशी की लाल रंग कधी रेघेत बसायचा नाही. घारीचा अर्धा कान आणि मागचं आभाळही लाल. शाईचा वास अजून नाकात आहे.

दर शनिवारी संध्याकाळी अंक यायचा. बाबांच्या डब्याच्या पिशवीतून, चौघडी घातलेला, कोपऱ्याला तेलाचा डाग. पिशवीत तो कुठून यायचा याचा कधी विचार केला नाही. मुलांना व्यवहाराशी काय करायचंय. मला वाचता येत नव्हतं तेव्हा बाबाच वाचून दाखवायचे. डॉक्टर गंजचा आवाज बरा काढायचे, घशाच्या तळातून, गंजलेलं दार करकरावं तसा. ताई पांघरुणात शिरायची. मी घाबरायचो नाही. अंथरूण ओलं व्हायचं त्याची कारणं वैद्यकीय होती.

पुढे सगळे अंक रद्दीत गेले. बाबांनी दिले. ताई म्हणते मीच द्यायला लावले, कॉलेजचे मित्र घरी येतात म्हणून. ताईची स्मरणशक्ती लहानपणापासून कच्ची.

संकल्प: या थोर कलावंताला न्याय मिळवून द्यायचा. रोज सकाळी फिरायलाही जायचं.

८ सप्टेंबर
फिरायला गेलो नाही. न्यायाचा आराखडा डोक्यात चालू होता.

१३ सप्टेंबर, रविवार
मास्टरांकडे (मी त्यांना मास्टर म्हणू लागलो आहे) सबंध दुपार. कला या विषयावर बोलायचं होतं. त्यांनी पाय पुढे केले. दाबले. मोठी माणसं शिष्याची परीक्षा अशीच घेतात. मग पायाची नखं काढली. एक नख फारच चिवट, पुढल्या शतकापर्यंत टिकेल असं. काढताना मनात आलं, याच पायांवर उभं राहून या माणसाने घार उडवली.

बाबांकडे जायचं राहिलं. गुडघा दुखतोय, जिना नको.

१४ सप्टेंबर
बायकोला नखांबद्दल उत्साहाने सांगितलं. तिने विचारलं, बाबांची नखं कोण काढतं? म्हटलं, तिथे त्या कामाला माणसं आहेत. ती भांडी जरा जोरातच ठेवत होती. कलेचा गंध नसलेल्या बाईशी मी पंचवीस वर्षं संसार केला, याचीही कधीतरी कुठेतरी नोंद व्हावी.

२० सप्टेंबर, रविवार
आयुष्यभराचा प्रश्न आज मास्टरांना विचारला. मालिका अर्धवट बंद पडली होती. शेवटच्या अंकात डॉक्टर गंजने घारीला बुरुजावर गाठलेलं, एका पंखाला बोट लावलेलं, आणि खाली 'क्रमशः'. पुढचा अंक आलाच नाही. मी कित्येक शनिवार डब्याची पिशवी उलटी करून झटकत होतो. बाबा दारात उभे राहून म्हणायचे की अजून छापलाच नाही रे, मी दुकानात रोज विचारतो.

तर मास्टरांना विचारलं, पुढे घारीचं काय झालं?
मेला, म्हणाले.
कसा?
पडून.

काय हा संयम. एक शब्द जास्त नाही. मी शोरूममध्ये साध्या नळाबद्दल अर्धा तास बोलतो. मान खाली गेली.

तेवढ्यात मास्टर म्हणाले, पाठीला तेल लाव.

२३ सप्टेंबर
सत्कार करायचं नक्की. जागा: आश्रमाचं जेवणघर. मेट्रन बाईंना फोन केला. कुणाचा सत्कार म्हणाल्या. आर्टिस्टचा म्हटलं. म्हणाल्या, करा, म्हाताऱ्यांची तेवढीच करमणूक. प्रशासनातली माणसं कोरडी असतात.

२७ सप्टेंबर, रविवार
आज मुद्दाम बाबांकडेही गेलो. गुडघ्याची पर्वा केली नाही. मास्टरांबद्दल सगळं सांगितलं. ज्याच्या घारीवर आपण जीव टाकला तो तुमच्याच पायाखाली राहतो, म्हटलं. बाबा ऐकत होते. मग एकदम हसले, जरा पुढे वाकले आणि घशातून कसलासा करकर आवाज काढला. खोकला अडकला वाटून मी पाणी पुढे केलं. पाणी घेतलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पुन्हा तोच आवाज, या वेळी जास्त मोठा, एक बोट माझ्या हाताला लावून. मी पाठ थोपटली आणि नर्सला कफाचं औषध द्यायला सांगून खाली आलो. मास्टर वाट बघत होते.

३० सप्टेंबर
ताईचा फोन. बाबांना कफ नाही, डॉक्टरने तपासलं, पण एकटं वाटतं, मी घरी नेते म्हणाली. म्हटलं, सत्कार होऊ दे, मग सगळे बसून शांतपणे ठरवू. तिने फोन ठेवला. लाइन खराब असावी.

४ ऑक्टोबर, रविवार
फाटकात मेट्रन बाई वरच्या मजल्याबद्दल काहीतरी सांगायला आल्या. नंतर, नंतर म्हटलं. मास्टरांसाठी शाल निवडायची होती. त्यांना तीन दाखवल्या. तिन्ही ठेवून घेतल्या.

भाषणाचा पहिला मसुदा बायकोला वाचून दाखवला. झोपली. दुसऱ्या मसुद्यात दम आणायचा.

१० ऑक्टोबर
उद्या सत्कार. बाबांना पहिल्या रांगेत बसवावं का, हा विचार केला. भाषणात तो घशातला आवाज काढला तर पंचाईत. मागे बसवावं. किंवा नंतर वर जाऊन फोटो दाखवावेत, ते जास्त आपुलकीचं.

११ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ
घडलं ते क्रमाने लिहितो.

जेवणघरात पंधरा-वीस म्हातारे, त्यांतले अर्धे जेवणाची वेळ झाली समजून आलेले. शोरूमच्या मालकांचा भाचा वर्तमानपत्रात आहे, तो कॅमेरा घेऊन. बायको आली नाही. मी बोललो. चौथ्या मिनिटाला मेट्रन बाईंनी हाताने आवरा अशी खूण केली, तरी मी रेटलं. मग शाल. मग भाचा म्हणाला की मास्टरांनी सर्वांसमोर घार काढून दाखवावी, छान फोटो मिळेल.

फळा होताच. मास्टरांनी खडू घेतला. बराच वेळ काढत होते. बाजूला झाले तेव्हा फळ्यावर एक कोंबडी होती. टोपी घातलेली.

मी म्हणालो की ही त्यांची उत्तरकाळातली शैली आहे. भाच्याने विचारलं, घारीचा शत्रू कोण होता? मास्टर म्हणाले, पोलीस.

मागे सगळे हसायला लागले. एक आजी डोळे पुसत म्हणाल्या की गेल्या वर्षी हा वैमानिक होता. मेट्रन बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, याचं रंगाचं दुकान होतं हो. आर्टिस्ट आम्ही म्हणतो ते थापांमुळे. तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही म्हाताऱ्याची हौस पुरवताय, असं आम्ही धरून चाललो होतो. आम्हाला कौतुक वाटायचं तुमचं.

मी त्याच्याकडे गेलो. का असं केलंत, विचारलं. तो शाल नीट करत म्हणाला, तू आत आलास ते 'हो' ऐकायलाच आला होतास. नाही म्हटलं असतं तर बसला असतास का? मग म्हणाला, पुढच्या रविवारी येताना तेल आण, संपलंय.

निदान कुणाला तरी हे सांगावं म्हणून जिना चढलो. बाबांच्या पलंगावर दुसराच माणूस झोपला होता. बाबांच्या खिडकीत त्याचा टॉवेल.

मेट्रन बाई म्हणाल्या, तुमची बहीण येऊन घेऊन गेली, आठवडा उलटला. तुम्हाला फाटकातच सांगत होते.

१२ ऑक्टोबर
ताईला फोन केला. आवाज चढवणार होतो, चढला नाही. बाबा मजेत आहेत म्हणाली. ताईच्या नातीला रोज पोलादी घारीची गोष्ट सांगतात. अंक नाहीत, तोंडपाठच. मागून ऐकू येत होतं. घशाच्या तळातून करकर आवाज, आणि पोरीचं किंचाळणं, आणि पुन्हा तोच आवाज. मी फोन कानाला लावून उभा होतो. समोर गिऱ्हाईक शॉवरची किंमत विचारत होतं.

ताई म्हणाली की शेवटच्या अंकाचाही शेवट करून टाकलाय त्यांनी. घारीचं पुढे काय होतं ते सांगतात. मी विचारलं, काय होतं? म्हणाली, मी नीट ऐकलं नाही, त्यांनाच विचार.

रविवारी येतो म्हटलं. विचारून कळवते म्हणाली. वडिलांना भेटायला विचारायचं काय, असं मनात आलं, पण मी समंजसपणा दाखवला.

१७ ऑक्टोबर
तयारी. दाढी. इस्त्रीचा शर्ट. बाबांसाठी नेलकटर घेतलं, चांगल्यातलं. बायकोने पाहिलं. ती येणार आहे. ताईचा फोन यायचाय, पण ती कामात असेल. बाबा मला बघून गहिवरतील, त्यांना आवरावं लागेल. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं आहे.

१८ ऑक्टोबर, रविवार
सकाळी ताईचा फोन आला. बाबा नको म्हणाले.