जहाज दिसलं की थक्क व्हा

४ डिसेंबर

वर्गाच्या मेळाव्यात शाळेतलं जुनं नाटक पुन्हा करायचं ठरलं! तेच – कप्तान जहाजातून येतो, झेंडा रोवतो, ‘मी हा देश शोधला!’ म्हणतो. आणि आम्ही किनाऱ्यावरचे लोक. सातवीत इतिहासाच्या बाई बजावायच्या, “तुम्ही काही बोलायचं नाही. जहाज दिसलं की थक्क व्हा.” पुस्तकातही आम्ही जहाज दिसल्यावरच सुरू व्हायचो. त्याआधी जणू नुसती वाळू.

तरी काय मजा होती! निळ्या चादरींचा समुद्र, कोळशाने काढलेल्या मिशा... फार आठवतात ते दिवस.

७ डिसेंबर

कप्तान होणारा वर्गमित्र परदेशातून येणार. त्याचा कोट अर्थात मीच शिवायचा – वर्गात शिंपीण एकच. पितळी बटणं लावली. आमचे कपडे? ‘घरातलं काहीतरी जुनं गुंडाळा.’ घ्या!

८ डिसेंबर

आई येणार म्हणते. तेव्हाही आली होती. घरी जाताना तिने विचारलं, “तू कधी बोलणार होतीस गं?” अजून सलतं. यंदा एक वाक्य तरी हवंच. बाईंना फोन करून मागितलं. बाई हसल्या. “अगं, इतिहास कसा बदलणार?”

१३ डिसेंबर

विमान रखडलं. कप्तान नाही! आणि पडदा तर उघडलेला. आम्ही किनाऱ्यावर उभे, थक्क व्हायला तयार – समोरून काहीच येईना.

शेवटी आमच्यातली बेकरीवाली पुटपुटली, “जाळं कोणी फाडलं रे?” शेजारी उभा आमचा बसड्रायव्हर म्हणाला, “माझ्याकडे काय बघतेस?” मी तोंड उघडलं, “आधी मासे मोजा, मग भांडा!” – आणि सुटलोच की! भांडलो, एक लग्न जुळवलं, बसड्रायव्हरला बुडता बुडता वाचवलं. लोक पोट धरून हसत होते. कोट विंगेत खुंटीवर तसाच. बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. पहिल्या रांगेत आई शेजारणीला सांगत होती, स्टेजपर्यंत ऐकू येईल असं – “ती बोलतेय ना, ती माझी!” मला रडूच आलं. तसंच पुढे बोलत राहिले.

१४ डिसेंबर

कप्तान आज पोहोचला. फोनवर म्हणाला, “माझ्यामुळे नाटक रद्द झालं ना? सॉरी गं.”

आईला सांगितलं, कप्तान आलाय म्हणून.

“कोण कप्तान?”