पुष्पांजलीच्या बिदाईची गाणी

मंजूताई,

तुला नि आईला गोव्याहून नमस्कार. मी बरा आहे, वेळेवर जेवून राहिलो. आईचा गुडघा कसा आहे?

पुष्पांजलीचं लग्न ठरलं, हे तू काऊन लपवलं? तिच्याशी लग्न करायचं म्हणूनच तर कॉलेज सोडून इथं कमवायला आलो होतो. लग्नात डीजे माझ्या दोस्ताचा, ओमेशचा आहे. बिदाईसाठी शांत गाणी जोडून दे म्हणाला, तर मी त्याले फोनवरच शिव्या घातल्या.

मग जोडली. इथल्या कॅफेत गाणी वाजवायच्या कामात तेच शिकलो: पहिलं गाणं उतरत असतानाच दुसरं त्याच्याखाली हळूच आणायचं, सांधा कळू द्यायचा नाही.

ओमेशले सांग, खटकन बंद करू नको. तिची गाडी तलावाच्या पाळीवरून दिसेनाशी होईपर्यंत आवाज हळूहळू उतरव.

गाणी मी जोडली, हे तिले सांगू नको. ती रडली काय, तेवढं मात्र लिही.

तुझा भांडखोर भाऊ,
हिमांशु