लांबकान्याची बरणी

१२ जून

कंबर गेली!

सकाळी शिध्याच्या कपाटात हात घातला आणि बटाट्यांच्या मागे मारितेची बरणी सापडली. वर चिठ्ठी, तिच्या त्या गोलगोल अक्षरात – "वन्सं, समुद्रावर उपाशी राहू नका. आमच्या गावची खास चव!" आणि खाली चित्र. दोन कान. लांब!

माझ्या बोटीवर – त्या लांबकान्याचं मांस, मसाल्यात शिजवून बरणीत भरलेलं!

आमच्यात बोटीवर त्या जनावराचं नाव घेत नाहीत. मी लिहिणारही नाही. पूर्वीच्या लाकडी गलबतांवर ते पिंजऱ्यातून सुटायचं, दोर कुरतडायचं, आणि मग सगळेच तळाला. बाबा तर धक्क्याला बांधलेल्या होडीतसुद्धा ऐकून घ्यायचे नाहीत. हेर्लेने लहानपणी शाळेतलं गाणं म्हणताना ते नाव घेतलं तर त्याला सणसणीत बसली होती. हेर्ले माझा धाकटा भाऊ, आणि मारिते त्याची बायको. ती द्राक्षमळ्यांच्या मुलखातली. तिला काय कळणार! अझोर बेटांवर मला निरोप द्यायला दोघं आली होती, तेव्हाच तिने गुपचूप ठेवली असणार. प्रेमाने. तेच तर वाईट.

मी एकसष्ट वर्षांची बाई. जन्मभर सायकलवरून टपाल वाटलं. शकुन-अपशकुन मानत नाही. तरी बरणी घेऊन धडपडत वर गेले. हळूच पाण्यात सोडली असती तरी चाललं असतं. पण नाही, बाईसाहेबांना लांब भिरकवायची होती! दोन्ही हातांनी, कंबरेतून वळून, अंगातला सगळा जोर लावून. नेमकी लाट आली, बोट एकीकडे गेली, मी दुसरीकडे, आणि आत काहीतरी तटकन तुटलं.

ओरडले. ऐकायला कोण आहे?

बरणी बाहेर गेलीच नाही. घरंगळत आली, शिडीवरून टणटण उड्या मारत खाली केबिनमध्ये गेली. फुटली पण नाही!

१२ जून, संध्याकाळ

शिडीच्या चार पायऱ्या उतरायला सगळी दुपार गेली. आता केबिनच्या जमिनीवर, दोन बाकांच्या मधे, उताणी. वही तोंडावर धरून लिहिते आहे. पेन उलटं धरलं की चालत नाही, म्हणून पेन्सिल.

आधी वाटलं उसण भरली. उसण अशी नसते. कंबरेतून कळ निघते ती डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. खोकायची भीती वाटते. शिंक येईल या विचारानेच घाम फुटतो.

सुकाणू काका सांभाळताहेत. काका म्हणजे मागे लावलेलं वाऱ्यावर चालणारं यंत्र. पगार मागत नाहीत, झोपत नाहीत. पण शीड लहान करणं काकांना येत नाही.

बरणी बाकाखाली आहे. बोट डावीकडे कलली की डावीकडे लोळते, उजवीकडे कलली की उजवीकडे. गडगड – टक. गडगड – टक.

१३ जून

आमचं बंदर दुआर्नेने इथून जेवढं लांब, तेवढंच मागचं बेटही लांब. बरोब्बर मधोमध! अवदसा आठवायलासुद्धा मुहूर्त लागतो.

सॅटेलाइट फोनवरून डॉक्टरांशी बोलले. समुद्रावरच्या लोकांसाठी असतात ते. कास्ताँ नावाचा पोरगेलासा आवाज. फार शांत बोलतो. फार शांत बोलणाऱ्या डॉक्टरांची मला धास्ती वाटते.

"मॅडम, एका पायात कळ जाते की दोन्ही?"

"एका."

"लघवी होते? होताना कळते?"

"कळते की! बादलीत करते आहे, पडल्या पडल्या. न कळून कसं चालेल?"

हसला थोडा. मग म्हणाला, "मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसतो त्या जागी, बधीर वाटलं तर लगेच सांगायचं. लघवी तुंबली तर लगेच. आणि एक नीट ऐका. दुखणं एकदम थांबलं आणि पाय जड झाले, तर खूश होऊ नका. शीर दाबली जाऊन मेली की दुखत नाही. मग आमच्याकडे फार तर एखादा दिवस असतो."

"आणि दुखत राहिलं तर?"

"तर उत्तम. दुखू दे."

वा रे वैद्य! दुखू दे म्हणे.

गोळ्या सांगितल्या. पेटी वरच्या फळीवर होती. काठीने ओढून पाडली, नाकावर पडली. रडले. नाकासाठी नाही.

१३ जून, नंतर

हेर्लेचा निरोप आला – "ताई, उद्या जोराचा वारा. आजच शीड कमी कर. कर म्हणजे कर!"

त्याला काय जातंय सांगायला. पण खरंच होतं. गोळी घेतली, पट्टा अडकवला आणि कोपरांवर सरपटत वर गेले. डोलकाठीला मिठी मारून उभी राहिले. उभी कसली, लोंबकळले. दोर ओढला की कळ. सोडला की शीड फडफडतं. प्रत्येक कळीला मारितेला एक शिवी, तिच्या आईला एक, तिच्या गावच्या द्राक्षांना एक. शिव्या संपल्या तेव्हा शीड अर्ध्यावर आलं होतं.

खाली येताना हात सुटला. पट्ट्याने धरलं म्हणून, नाहीतर मी पाण्यात आणि बोट एकटीच घरी गेली असती.

मी घाबरले आहे. हेर्लेला कळवलं, "झालं. मजेत आहे." पण इथे खरं लिहायला काय हरकत? मी घाबरले आहे. फार.

१४ जून

वारा. लिहवत नाही.

१५ जून

रात्रभर लाटा छपरावर आपटत होत्या. प्रत्येक लाटेबरोबर मी जमिनीवरून उचलली जायची आणि परत आदळायची. उशा, जादा शीड, सुटे कपडे, सगळं दोन्ही बाजूंना कोंबलं, चिनी मातीची भांडी भरतात तसं. तरी आदळायचीच. आई आठवली. बाबा आठवले. कोणाची तरी क्षमा मागत होते, कोणाची ते आठवत नाही.

बोट कुरकुरली, पण एक थेंब आत आला नाही. ग्वेनिली माझी! नऊ हिवाळे हेर्लेच्या गोठ्यात बांधली आम्ही हिला, तो आणि मी. गाई बाहेर, बोट आत. मारिते तेव्हा नवी नवरी. म्हणाली होती, "लोकांच्या गोठ्यात वासरं होतात, आमच्याकडे बोट व्यायची आहे." एकेक फळी वाफेवर वाकवली. माझ्या बोटांचे ठसे आहेत हिच्या डिंकात. मूलबाळ मला नाही. हीच.

दुपारी हेर्लेचा फोन. वारा पडल्यावर.

"ताई, पिवळी डबी दाब. मदतीचा इशारा जाऊ दे."

"कशाला?"

"कशाला काय! आडवी पडून बोट चालवतेस आणि विचारतेस कशाला?"

"मला घेऊन जातील रे. बोटीचं काय?"

त्याला माहीत आहे, मलाही माहीत आहे. बंदरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सोडलेली बोट तशीच तरंगत ठेवायची नाही. अंधारात दुसऱ्या कोणाच्या वाटेत येते. शेजारचे ले गॉफ बाप-लेक असल्याच एका बेवारस बोटीवर आदळून गेले. त्यांच्या प्रार्थनेला आम्ही दोघं उभे होतो, रिकाम्या शवपेट्यांसमोर. तेव्हापासून आमच्यात ठरलेलंच – बोट सोडताना तळातला पितळी कॉक उघडायचा, पाणी आत येऊन ती बुडेल असं बघायचं, आणि मग सोडायची. दुसऱ्या कोणी नाही, मालकानेच.

"बोट परत बांधू," तो म्हणाला.

"तू अठ्ठावन्न, मी एकसष्ट. गाई राहिल्यात का तुझ्याकडे?"

"ताई, तुझ्या पाया पडतो."

"मला दुखतंय. म्हणजे ठीक आहे. डॉक्टरच म्हणालेत."

आणि तसंही तो कॉक जमिनीच्या फळीखाली आहे. फळी उचलायची, पूर्ण वाकायचं, खांद्यापर्यंत हात आत घालायचा. मला मान वळवता येत नाही. वाकता येत नाही म्हणजे बुडवता येत नाही, बुडवता येत नाही म्हणजे डबी दाबता येत नाही. झालं! कंबरेनेच निकाल दिला.

शहाणपणाचं वाटतंय ना वाचायला? मलाही वाटलं होतं, क्षणभर.

१५ जून, संध्याकाळ

उजव्या पायातही कळ आली. दोन्ही झाले. उद्या कळवीन.

१६ जून

शांत समुद्र. ऊन. अशा दिवसासाठी माणूस समुद्रावर येतो, आणि मी छताच्या फळ्या मोजते आहे.

खायचं सगळं वरच्या कपाटात. लोणी लावलेली बिस्किटं संपली, काल हाताशी होती ती. भूक लागली. गोळ्यांनी पोटात आग पडली आहे. आणि बाकाखाली – गडगड, टक.

बराच वेळ नाही म्हणाले. मग काठीने ओढली.

बाबा, क्षमा करा.

खाल्ली. बोटांनी, पडल्या पडल्या, हनुवटीवर सांडत. ओवा आहे, मिरं आहे, सफरचंदाची दारू आहे थोडी. चांगली लागते मेली! फार चांगली. अर्धी बरणी संपवली आणि मग हसू आलं, आणि हसताना कळ आली, आणि दोन्ही एकदम. मारितेला निरोप पाठवला, "मिळाली. छान झाली आहे." लगेच उलट आला, "खरं सांगता, वन्सं? मी किती भीत होते तुम्ही फेकून द्याल म्हणून!"

झाकण घट्ट लावलं आणि बरणी परत बाकाखाली ढकलली.

१६ जून, ऊन उतरल्यावर

सकाळपासून बादली कोरडी आहे.

पाणी कमी प्याले म्हणून असेल. उन्हाने असेल. दोनदा प्रयत्न केला. पोट फुगलंय, कळ येते, पण होत नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं ते आठवतं आहे, उगाच वेड पांघरणार नाही. फोन हाताशी आहे. उचलला, ठेवला. पुन्हा उचलला.

पाठ टेकली आहे त्याखालची लाकडी फळी – तिच्या कडेला मी माझं नाव कोरलं होतं, गोठ्यात. बोटांनी शोधलं, सापडलं.

घर तीन दिवसांवर असेल. वारा राहिला तर. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. सकाळपर्यंत थांबते. सकाळपर्यंतच.

देवा, दुखत राहू दे.

१७ जून

जाग आली ती छान. खरंच छान! किती दिवसांनी गाढ झोप. ऊन अंगावर आलं होतं. पहिल्यांदा वाटलं, वाचले. मान वळवली – काही नाही. खोकून पाहिलं – काही नाही. कूस बदलली. आपोआप! मोठ्याने "आहाहा" म्हणाले.

मग मांड्यांना ओलं दिसलं. दिसलं. कळलं नव्हतं.

मांडीला चिमटा काढला. चादरीला काढावा तसा. नखांनी काढला. रक्त आलं.

डॉक्टरांना फोन लावला. आज शांत बोलला नाही. "कधीपासून? कधीपासून, मॅडम?" मी खरं सांगितलं. कालपासून. "डबी दाबा. आत्ता!"

पिवळी डबी दाबली. हेर्लेला कळवलं. उलट आलं फक्त "ताई."

एक मालवाहू जहाज वळलं आहे आमच्याकडे. दुपारपर्यंत पोचेल म्हणतात.

१७ जून, दुपार

जहाज आलं. फार उंच आहे. होडी उतरवताहेत.

हातांवर सरपटत गेले, फळी उचलली, पूर्ण वाकले, खांद्यापर्यंत हात घातला. जरासुद्धा दुखलं नाही. कॉक एका झटक्यात फिरला. पाणी पायांपर्यंत आलं आहे. गार असेल.

बरणी तरंगते आहे, अर्धी. ससा. घे, लिहिलं. ससा, ससा, ससा.