लहान-मोठं ठरवायची मेथड

सर, आज ऑफिसात एका नव्या मुलीला मेथड पॅरामीटर म्हणून कशी द्यायची ते समजावत होते, आणि तुमचंच वाक्य तोंडून निघालं. "क्रम लावणारं फंक्शन एकच ठेव. कोण लहान, कोण मोठा, हे ठरवायची मेथड बाहेरून त्याच्या हातात दे." मानवतच्या मोंढ्यात, धान्याच्या आडत दुकानावरच्या खोलीत तुम्ही हे सांगितलं होतं. चौऱ्याण्णव साली विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हा पेटला होता, तरी तुम्ही कॉम्प्युटरचा क्लास बंद ठेवला नव्हता. एकच यादी आधी मार्कांनी लावून दाखवलीत, मग दुसरी मेथड देऊन वयानं. "म्हणजे फंक्शनला स्वतःला काहीच कळत न्हाई?" मी विचारलं. "न्हाई. दिलेली मेथड ते मुकाट चालवतं."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सात-आठ जण आत घुसतात. "मास्तर, आडनाव सांगा." तुम्ही आवाज न उतरवता सांगता. पहिला गज तुमच्या कोपरावर बसतो, हाड मोडल्याचा आवाज होतो. मॉनिटर फोडतात आणि त्याच काचांवरून तुम्हाला कॉलर धरून ओढतात. माझ्या वडलांना ओळखणारा एक जण मला अदबीनं म्हणतो, "ताई, तुमी घरी जा. तुमचा ह्यात काय संबंध?" त्या अदबीनं माझं डोकं फिरलं. हाताशी स्टॅबिलायझर होता. तो वजनदार लोखंडी डबा दोन्ही हातांनी उचलून मी त्याच्या कानशिलावर घातला. तो कोसळला, कानातून रक्त आलं, आणि बाकीचे त्याला उचलून पळाले.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात मी तुमच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन आले, तेव्हा वाटलं होतं, शाबासकी द्याल.

"तो मेला असता तर?" तुम्ही विचारलंत.

"सर, तुमी मेला असता की."

"म्हणून त्यांचंच काम तू करायचं?"

मी जेवणाचा डबा ठेवून निघून आले. पुढं तुम्ही दुसऱ्या गल्लीत क्लास काढलात. कोपर सरळ झालं नाही, म्हणून डाव्या हातानं टाइप करायचात. मी परत आले, तुम्ही तो विषय काढला नाहीत, आणि अर्धं राहिलेलं उदाहरण आधी पुरं केलंत. त्या माणसाचा एक कान कायमचा गेला. बाजारात मला बघून तो वाट बदलायचा. पुढं काही वर्षांनी तुम्ही हृदयविकारानं गेलात.

हा कागद कुठं पाठवणार? तुमचं बोलणं मला पटतं, सर. पण त्याला मारल्याचं वाईट मला आजवर वाटलेलं नाही.